मेलात की फाइल गेली

दिवाळी अंकासाठी एखाद्या जुन्या कॉम्प्युटर गेमवर लिहा, असं संपादक म्हणाले आणि मी ‘रोग’ निवडला. रोग म्हणजे इंग्रजीतला भामटा. या गेममध्ये चित्रं नाहीत, आवाज नाही. काळ्या पडद्यावर नुसते ठिपके, रेघा आणि अक्षरं. ई-मेलच्या पत्त्यात असतं ते ‘ॲट’चं चिन्ह म्हणजे आपण. झेड दिसला की झोंबी, टी दिसला की ट्रोल राक्षस. 26 व्या तळघरापर्यंत उतरायचं, येंडोरचा ताईत उचलायचा आणि जिवंत वर यायचं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी 1980 च्या सुमारास तो लिहिला. तेव्हाचे साहसी खेळ एकदा सुटले की संपत. या दोघांना असा खेळ हवा होता, जो स्वतः लिहूनही त्यांना चकवेल. पुढे टॉय बर्कलेला गेला. तिथल्या केन अर्नोल्डने ‘कर्सेस’ ही लायब्ररी लिहिली होती. टर्मिनल संथ असत. अख्खा पडदा पुन्हा रंगवण्याऐवजी बदललेली अक्षरं तेवढीच पाठवायची, हे कर्सेसचं काम. अर्नोल्ड ‘रोग’मध्येही सामील झाला. 1983 मध्ये बर्कलेच्या युनिक्सबरोबर, म्हणजे 4.2 बीएसडीबरोबर, हा खेळ विद्यापीठाविद्यापीठांत पोचला.

तळघर रचण्याची रीत देखणी आहे. पडदा 24 ओळींचा, 80 रकान्यांचा. त्याचे तीन बाय तीन असे नऊ चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात वाटेल त्या मापाची खोली टाकायची, एखाददुसरी गाळायचीही. मग एका खोलीपासून सुरुवात करून शेजारच्या खोल्यांपर्यंत बोळ खणत जायचे, सगळ्या जोडल्या जाईपर्यंत. वर दोनचार जादा बोळ. त्यामुळे कुठली खोली तुटून पडत नाही आणि एक नकाशा दुसऱ्यासारखा निघत नाही. औषधांचंही तेच. निळं औषध या डावात जखम भरेल, पुढच्या डावात आंधळं करेल.

पण मला धरून ठेवलं ते खेळ जतन करण्याच्या यंत्रणेने. डाव अर्धवट सोडून घरी जायची सोय आहे. मात्र परत येऊन तो उघडलात की जतन केलेली फाइल पुसली जाते. मेलात तर मागे जायला वाट नाही. विद्यार्थ्यांनी अर्थातच फाइलच्या नकला करून ठेवायला सुरुवात केली. त्यावरचा बंदोबस्त जुन्या आवृत्त्यांच्या कोडमध्ये वाचायला मिळतो. डिस्कवरच्या फाइलची ओळख पटवणारा क्रमांक आणि तिची वेळ खेळ त्या फाइलमध्येच लिहून ठेवतो. उघडताना दोन्ही पडताळतो. क्रमांक जुळला नाही, तर ही ती फाइल नव्हे असं सांगून नकार देतो. त्याच फाइलला दुसरं नाव जोडून ठेवलं असेल तर तेही पकडतो. शिवाय आतला मजकूर उलटापालटा केलेला, म्हणजे कुणी हाताने आकडे बदलू नयेत.

एवढा खटाटोप मला फार आवडतो. सापशिडीत सापाने गिळलं तरी सोंगटी पटावर राहते. इथे पटच नाहीसा होतो, म्हणून अनोळखी औषध तोंडाला लावताना खरोखर विचार करावा लागतो. आणि नवा पट दरवेळी निराळा, म्हणून मरणही सोसवतं. एक यंत्रणा काढली तर दुसरी लुळी पडेल.

बाजारात मात्र ‘रोग’चं नीट जमलं नाही. टॉय आणि जॉन लेन यांनी ए.आय. डिझाइन ही कंपनी काढून तो पीसीवर आणला, पुढे एपिक्स कंपनीने विकायला घेतला. मॅकिंटॉश, अमिगा, अटारीवरही तो आला. चोरीच्या प्रतीत राक्षसांचे घाव कैक पटींनी वाढत आणि थडग्यावर मेलेल्याची नोंद सॉफ्टवेअरचोर म्हणून होई. तरी खप बेताचाच राहिला. रंगीत, बोलक्या खेळांपुढे अक्षरांसाठी पैसे कोण मोजणार? 1989 मध्ये एपिक्स दिवाळखोरीत गेली. तोवर मॅसॅच्युसेट्समधल्या जे फेनलासन या शाळकरी मुलाने मित्रांबरोबर ‘रोग’च्या धर्तीवर ‘हॅक’ लिहिला होता आणि त्यातून 1987 मध्ये ‘नेटहॅक’ निघाला होता.

आज शेकडो खेळ ‘रोग’चं नाव लावतात. त्यांतले बरेच नकाशा दरवेळी नवा देतात, पण मेल्यावर कमावलेली ताकद पुढच्या डावासाठी राखून ठेवतात. मला त्याची काळजी वाटते, कारण उरतं ते अर्धं यंत्र. हल्लीची मुलं विचारतात तेव्हा मी त्यांना आधी ‘नेटहॅक’ खेळायला सांगतो. तो फुकट मिळतो आणि डाव पुन्हा उघडला की जतन केलेली फाइल अजूनही पुसतो.