दुपंखी विमानाच्या तारा

एकावर एक असे दोन पंख असलेले जुने विमान तुम्ही चित्रात पाहिले असेल. त्या पंखांच्या मध्ये उभे दांडे असतात आणि दांड्यांमधून तिरप्या तारा गेलेल्या दिसतात. अशा विमानाची लहानशी प्रतिकृती करावयास बसलेला विद्यार्थी पंख जोडतो, रंग देतो आणि तारांपाशी येऊन थबकतो. नकाशा पाहून तारा बसविता येतात, हे खरे; परंतु कोणती तार कशासाठी आहे हे एकदा कळले, म्हणजे नकाशाकडे वारंवार पाहावे लागत नाही.

चार पट्ट्या कोपऱ्यांत एकेका टाचणीने जोडून आयत करा. जरा ढकलताच तो कलतो. आता त्याच्या दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बांधा; आयत ताठ उभा राहतो. दोरा केवळ ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून कर्ण दोन हवेत. एक डावीकडचा कल अडवितो, दुसरा उजवीकडचा. पुलांच्या बांधणीतील हे तत्त्व अमेरिकन अभियंते ऑक्टेव्ह शनूट यांनी १८९६ साली आपल्या दुपंखी ग्लायडरला लावले. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान पहिल्या खेपेस १२ सेकंद उडाले. त्याचे पंखही असेच तारांनी बांधलेले होते.

विमान उडत असताना हवा पंखांना वर उचलते. तेव्हा खालच्या पंखाच्या मुळापासून वरच्या पंखाच्या टोकाकडे जाणाऱ्या तारांवर ताण येतो. या उड्डाण-तारा. जमिनीवर पंख स्वतःच्या वजनाने खाली झुकू पाहतात; तेव्हा वरच्या पंखाच्या मध्यापासून खालच्या पंखाच्या टोकाकडे गेलेल्या तारा त्यांना तोलून धरतात. या अवतरण-तारा. उड्डाण-तारांवर भार अधिक, म्हणून त्या पुष्कळदा जोडीने असत.

तारा ताणण्यासाठी खास कारागीर असे. ओळंबा लावून, कोन मोजून तो एकेक तार आवळी. तार सैल राहिली तर पंख डळमळे; फाजील आवळली तर पंखच वाकडा होई आणि विमान एका अंगाला ओढू लागे. वैमानिकाचा जीव या माणसाच्या बोटांवर अवलंबून असे. त्याचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतले!

आरंभी ‘टायगर मॉथ’ घ्यावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतीय वैमानिकही या विमानावर उड्डाण शिकले. त्याला प्रत्येक बाजूस दांड्यांची एकच जोडी आहे, म्हणून तारा मोजक्या. खऱ्या विमानाच्या पंखांची लांबी सुमारे ९ मीटर. ७२ पट लहान केली की ती साडेबारा सेंटिमीटर भरते. त्याच मापाने ६ मिलिमीटर जाडीची तार केसाएवढी होते. एवढा बारीक धागा घरीच करता येतो. प्रतिकृतीचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिची उरलेली काडी वडील माणसाच्या देखरेखीखाली मेणबत्तीच्या आचेवर मऊ करावी आणि ज्योतीपासून दूर नेऊन दोन्ही टोकांनी अलगद ओढावी.

तारेची लांबी कंपासपेटीतील कर्कटकाने मोजावी, धागा तेवढाच कापावा आणि चिमट्याने उचलून दोन्ही टोकांशी डिंकाचा सूक्ष्म थेंब द्यावा. आतल्या तारा आधी लावाव्यात. मागाहून तेथे हात पोहोचत नाही. डिंक पूर्ण वाळल्यावर विझवलेली, पण धुमसती उदबत्ती धाग्याच्या जवळून फिरवावी. सैल पडलेला धागा उष्णतेने अंग आखडून ताठ होतो. उदबत्ती धाग्याला टेकली, तर मात्र तो तुटतो आणि ती तार पुन्हा मोजावी लागते.