वाळवीने नाकारलेलं लाकूड

जुना सागवानी वासा ओळखायला सुताराला वेळ लागत नाही. रंधा एकदा फिरला की रंग दिसतो, वास येतो. फसगत होते ती पाइनच्या फळीबाबत. उन्हापावसात वीस-तीस वर्षं काढून ती करडी पडलेली असते, पण कुठे भोक नाही, कुठे भुसभुशीतपणा नाही. पाइनसारखं मऊ लाकूड उघड्यावर इतकं टिकलं असेल, तर आनंदाआधी शंका यायला हवी.

या टिकाऊपणाची गोष्ट डेहराडूनला सुरू होते. तिथल्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं एक द्रावण तयार केलं. ‘ॲस्कू’ या नावाने ते बाजारात आलं, १९३८ मध्ये त्याला अमेरिकी पेटंट मिळालं आणि पुढे ‘सीसीए’ म्हणून ते जगभर गेलं. लाकडात ते भरायची पद्धत मात्र त्याहून जुनी, इंग्लंडमधल्या जॉन बेथेल यांनी १८३८ मध्ये क्रिओसोट तेलासाठी पेटंट घेतलेली. लाकूड बंद टाकीत रचायचं, आतली हवा ओढून घ्यायची आणि मग दाबाखाली द्रावण पेशींत घुसवायचं.

तांबं बुरशीला आवरतं, आर्सेनिक वाळवीला आणि तांब्याला न जुमानणाऱ्या बुरशीला. पण आधीचे असे क्षार पावसात धुऊन जात. कामेशम यांची खरी करामत क्रोमियममध्ये होती. लाकडाशी प्रक्रिया होऊन ते बाकीच्या दोघांना तंतूंशी जखडून ठेवतं. विजेचे खांब, कुंपणं, धक्के, अमेरिकी घरांमागची लाकडी डेक, सगळीकडे हे हिरवट लाकूड पोहोचलं. भारतात कारखान्यांच्या कूलिंग टॉवरमध्येही ते बसलं, आणि टॉवर पाडला की भंगारात त्याच्या लांबच लांब, सरळसोट फळ्या निघतात. सुताराला मोह पडावा अशाच.

विष जखडलेलं असलं तरी थोडं थोडं सुटतंच. कनेक्टिकटमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा डेकखालच्या मातीत आर्सेनिकचं प्रमाण सरासरी किलोमागे ७६ मिलिग्रॅम आढळलं. जवळच्या साध्या मातीत ते चारच्याही खाली होतं. अमेरिकी उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी सीसीए लाकूड बनवणं थांबवलं. बसवलेली डेक मात्र जागच्या जागी राहिली, आणि आता जुनं लाकूड म्हणून सुटी होताहेत.

खरा घोळ होतो आगीत. विस्कॉन्सिनच्या ग्रामीण भागातलं आठ जणांचं एक कुटुंब तीन वर्षं आजारी होतं. हिवाळा आला की त्रास वाढायचा, केसही गळायचे. ते शेगडीत सीसीए लाकडाचे तुकडे जाळत होते, असं निष्पन्न झालं. १९८४ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत छापून आली. जळताना आर्सेनिकचा काही भाग धुरात जातो आणि उरलेलं राखेत एकवटतं. आपल्याकडे सुताराच्या ढलप्या सर्रास बंबात जातात आणि राख भांड्यांना किंवा कुंडीतल्या झाडांना. या लाकडाच्या बाबतीत ती सवय महागात पडेल.

मग ते वापरायचंच नाही का? वापरावं, पण बाहेर, आणि शक्य तितकं अखंड. कुंपणाचा खांब, फाटकाची चौकट, गच्चीवरच्या मांडवाचा आधार यांना ते छान. कापायचं तर मोकळ्या हवेत, खाली ताडपत्री अंथरून, तोंडाला नीट बसणारा मास्क आणि हातात मोजे घालून. भुसा गोळा करावा. तो खतात, कोंबड्यांच्या खुराड्यात किंवा गोठ्यात जाता कामा नये. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. रंधा आणि पॉलिश पेपर तर दूरच ठेवलेले बरे. ‘जरा रंधून घेतलं की नवं होईल’ हा सुताराचा स्वाभाविक विचार इथे उलटतो, कारण करडा थर निघाला की खाली विषारी ताजा पृष्ठभाग उघडा पडतो आणि बारीक धूळ फुप्फुसात जाते. वरून तेलाधारित, आत मुरणारा स्टेन मारून तो अधूनमधून पुन्हा लावला, तर आर्सेनिक बाहेर पडणं कमी होतं. पोळपाट, भाजीचा वाफा, मुलांचा झोपाळा यांसाठी हे लाकूड नको.

ओळखायचं कसं? टोकाचा एक इंच कापला की बऱ्याचदा कडेने हिरवट पट्टा आणि मधे फिकट गाभा दिसतो, कारण पाइनच्या गाभ्यात द्रावण नीट शिरत नाही. पण सीसीएनंतर आलेलं, आर्सेनिक नसलेलं लाकूडही तांब्यामुळे हिरवंच असतं. तांबं आढळल्यावर गुलाबीसर होणारं तपासणीचं द्रावणही दोघांत फरक करत नाही. त्यासाठी क्ष-किरणांचं हातात धरायचं यंत्र लागतं, आणि ते भंगारवाल्याकडे नसतं. हिरवट पट्टा दिसला आणि फळीचा इतिहास माहीत नसला, तर ती आर्सेनिकवालीच धरून चालायचं.