बावीस यार्डांचा खेळ

भाताची कापणी आटोपली, उडव्या रचल्या गेल्या आणि खाचरांतील ओल आटली, की पेण व रोहा तालुक्यांतील रिकामी शेते मुलांच्या स्वाधीन होतात. धसकटे उपटून, ढेकळे फोडून एक चिंचोळी पट्टी चोपून सारखी करावयाची, तीन काठ्या रोवावयाच्या, की क्रिकेटचे मैदान सिद्ध झाले. बांध हीच सीमारेषा. चेंडू जमिनीस न लागता बांधापलीकडे पडला तर सहा धावा. घरंगळत बांधास टेकला तर चार.

खेळपट्टीची लांबी मुले पावलांनी मोजतात. नियमाप्रमाणे ती २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट असावी लागते. हा आकडा प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. परंतु जमीन मोजण्याची जी इंग्रजी साखळी, तिचीच ही लांबी होय. शेतकऱ्याच्या घरातील मुलास हे चटकन उमजेल. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. त्याच्या दोन बाजू एकापुढे एक मांडल्या की खेळपट्टी होते.

या खेळाचा सर्वांत जुना निश्चित पुरावाही जमिनीच्या तंट्यातच सापडावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. इंग्लंडमधील सरे परगण्यात गिल्फर्ड नावाचे गाव आहे. तेथील एका जागेचा वाद १५९७-९८ साली न्यायालयात गेला. जॉन डेरिक नावाच्या साठीच्या घरातील गृहस्थाने साक्ष दिली, की सुमारे ५० वर्षांपूर्वी, शाळकरी वयात, आपण व आपले सोबती याच जागेवर क्रिकेट खेळत असू. साक्ष जमिनीविषयी होती. इतिहासकारांस मात्र तीत खेळाच्या वयाचा दाखला मिळाला.

पुढे पैजा लागू लागल्या, भांडणे होऊ लागली आणि १७४४ साली नियम लिहून काढण्यात आले. त्या काळी यष्ट्या दोनच असत. १७७५ साली लंडनच्या एका सामन्यात स्टीव्हन्स नावाच्या गोलंदाजाचा चेंडू तीन वेळा दोन यष्ट्यांच्या मधून निघून गेला, आणि तरीही फलंदाज बाद ठरला नाही! या अन्यायाची चर्चा होऊन तिसरी यष्टी आली. मराठीत ज्यास त्रिफळा उडणे म्हणतात, ते त्यानंतरच शक्य झाले. चेंडूही तेव्हा हात खालून फिरवून टाकीत. खांद्यावरून हात फिरवून टाकण्यास १८६४ साली पूर्ण मुभा मिळाली. रायगड जिल्ह्यातील काही गावांत आजही खालून चेंडू टाकण्याच्या स्पर्धा भरतात. त्यांस कोणी कमी लेखू नये. खेळाचे जुने रूपच तेथे टिकले आहे.

दोन्ही संघांत अकरा-अकरा खेळाडू असतात. एका गोलंदाजाने सहा चेंडू टाकले की एक षटक होते. पूर्वी इंग्लंडात चारच चेंडूंनी ते संपे. तेव्हा त्यास षटक म्हणता आले नसते. यष्टी उडाली, चेंडू झेलला गेला अथवा धाव घेताना रेषेपर्यंत पोहोचण्यापूर्वी यष्टी पाडली गेली, तर फलंदाज बाद होतो. अधिक बिकट नियम पायचीत होण्याचा. पाय मध्ये नसता तर चेंडू यष्टीवर गेला असता काय, हे पंचास मनोमन ठरवावे लागते. शिवाय कोणी दाद मागितल्यावाचून पंच बाद देत नाही. शेतातील खेळात ‘ज्याची बॅट त्याची फलंदाजी’ असा कायदा चालतो. खऱ्या नियमांत बॅट कोणाची, फलंदाज कोणाचा, हे पाहिले जात नाही.

मैदानाबाहेर मात्र ते पाहिले जात असे. पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालचा, कुटुंब चर्मकार समाजातील. पुण्याच्या युरोपियन क्लबात मैदानाची निगा राखणे व साहेबांस सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम. त्यांची डावखुरी फिरकी इतकी प्रभावी होती, की पुण्याच्या हिंदू संघास त्यांच्यावाचून गत्यंतर उरले नाही. खेळताना त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांच्या हाती फिरे. परंतु चहाच्या वेळी त्यांस बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून चहा घ्यावा लागे आणि सोबती आत कपबशीतून घेत. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांचा पराभव केला, त्या संघात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. इतके होऊनही कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल उत्तम फलंदाज होते. १९२३ साली हिंदू संघाची धुरा विठ्ठल यांच्याकडे आली आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा त्यांच्या संघाने जिंकली.