स्टिक काढली, गेमला पत्ता नाही

प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमधली स्टिक उपटून तिथे साधे रेझिस्टर लावले तरी गेमला पत्ता लागत नाही, असं चाकणला गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर काम करणाऱ्या एका पोराने सांगितलं. पटेना. म्हणून तो ज्याच्याकडून हे काम करून घेणार होता, त्याच्या पिंपरी कॅम्पातल्या दुकानात जाऊन बसलो. दुकान कसलं, एक टेबल, एक पंखा आणि जळलेल्या रोझिनचा वास. तो वास कपड्यांतून घरापर्यंत आला.

कंट्रोलर उघडला, बॅटरी काढली, स्टिकचे 14 टाके सकरने रिकामे केले. मग कारागिराने सुटलेल्या स्टिकच्या अंगावरची एक डबी नखाने उघडली. आत कार्बनची काळी पट्टी, आणि मधोमध घासून करडा पडलेला डाग. "डेटाशीटमध्ये 20 लाख फेऱ्या लिहिल्यात, सर," तो म्हणाला. 20 लाख ऐकायला पुष्कळ वाटतात. सेकंदाला एक फेरी धरली तर साडेपाचशे तासांत संपतात. कॉलेजचं पोरगं तेवढं एका वर्षात सहज खेळतं.

पट्टीच्या दोन टोकांना व्होल्टेज, तिसरा पाय तिच्यावर सरकणारा. स्टिक मध्यावर असली की त्या पायावर निम्मं व्होल्टेज येतं. पट्टी झिजली की निम्मं निम्मं राहत नाही आणि हात न लावता माणूस पडद्यावर चालू लागतो. यालाच पोरं ड्रिफ्ट म्हणतात. स्टिक नुसती काढून टाकली तर आणखी वाईट: मधला पाय लोंबकळत राहतो आणि चिप भलतंच काहीतरी वाचते.

त्यावर कारागिराचा उपाय म्हणजे सारख्या किमतीचे दोन रेझिस्टर. एक वरच्या टोकापासून मधल्या पायापर्यंत, दुसरा तिथून खालच्या टोकापर्यंत. आडव्या हालचालीला दोन, उभ्या हालचालीला दोन. मल्टिमीटर लावला, बरोबर निम्मं. स्टिक कायमची मध्यावर.

पोराला टेकन खेळायला याच कंट्रोलरच्या बोर्डावर चालणारी मोठ्या बटणांची पेटी बनवायची होती. प्लायवूड भोसरीत कापून आणलेलं. त्याला स्टिक नकोच होती, त्यामुळे हा सौदा चोख. तरी मला ते दुरुस्तीपेक्षा चिपला गप्प बसवणं वाटलं, आणि तसं मी बोललोही. पोरगं हसलं. "गाडीत नाही चालत हे. ॲक्सिलरेटरला दोन सेन्सर असतात, दोघांचं जुळलं नाही की गाडी वेगच घेत नाही."

खरा राग येतो तो त्या 20 लाखांचा. चुंबकावर चालणारी, न घासणारी हॉल सेन्सरची स्टिक सेगाने 1998 मध्ये ड्रीमकास्टला दिली होती. सोनीने 2023 मध्ये ड्युअलसेन्स एजची स्टिक सोल्डरशिवाय बदलता येईल अशी केली. पण ते महागडं मॉडेल. साध्या ड्युअलसेन्सला अजून तेच टाके, तीच पट्टी.

तेव्हा कंट्रोलर बिघडला म्हणून भंगारात देऊ नका. स्टिक लागतच नसेल तर चार रेझिस्टरमध्ये काम भागतं. लागत असेल तर दुकानदाराकडे हॉलचं मॉड्यूल मागा, आणि कॅलिब्रेशन करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.