इंग्लंडची कॅथीड्रले आणि विद्यानगरे : एक मोटारप्रवास



इंग्लंडला जाणारा आपला प्रवासी बहुधा लंडन पाहतो आणि परत फिरतो. त्या देशाची जुनी ओळख मात्र लंडनबाहेरच्या मध्यम आकाराच्या गावांत आहे. विंचेस्टर, सॉल्झबरी, ऑक्सफर्ड, केंब्रिज, ईली, लिंकन, यॉर्क आणि डरॅम ही आठ गावे एका ओळीत घेतली, तर दक्षिणेकडून उत्तरेकडे चारशे मैलांहून अधिक रस्ता होतो. आठ-दहा दिवसांत तो स्वतः मोटार चालवून सहज पुरा करता येतो.

प्रथम व्यवहाराचे बोलू. तेथेही वाहने आपल्यासारखी डावीकडूनच चालतात. पाहुण्याला आपल्या देशाच्या परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत मोटार चालवता येते. अंतरे व वेग मैलांत मोजतात. वस्तीत बहुधा ताशी ३० मैल आणि मोटारवेवर ७० मैल ही कमाल मर्यादा असते. वर्तुळाकार चौकात उजवीकडून येणाऱ्यास आधी वाट द्यावयाची, हा नियम मात्र अंगवळणी पडला पाहिजे. मोटार लंडनच्या गर्दीबाहेर ताब्यात घ्यावी आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये ती गावात नेऊच नये. वेशीबाहेरच्या वाहनतळावर ठेवून बसने आत जावे. मध्ययुगातल्या त्या गल्ल्या मोटारीसाठी आखलेल्या नाहीत.

आता ‘कॅथीड्रल’ म्हणजे काय? प्रत्येक मोठे चर्च म्हणजे कॅथीड्रल नव्हे. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते, तेच कॅथीड्रल. ‘कॅथेड्रा’ या मूळ शब्दाचा अर्थच आसन. म्हणून केंब्रिजमधील किंग्ज कॉलेजचे चॅपल कितीही भव्य असले, तरी ते कॅथीड्रल नाही. त्या परगण्याच्या बिशपचे आसन सोळा मैलांवरच्या ईली या लहानशा गावी आहे. उलट ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च हे कॉलेजही आहे आणि त्याचे चॅपल हेच तेथील कॅथीड्रलही आहे.

या इमारतींपुढे उभे राहिले की पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की एवढा दगड वर राहिला कसा? कमानीचा स्वभाव असा, की ती वरचे वजन खाली नेते, पण त्याचबरोबर बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलते. म्हणून जुन्या बांधकामात भिंती अवाढव्य जाड आणि खिडक्या लहान. इ. स. १०९३ मध्ये सुरू झालेल्या डरॅमच्या कॅथीड्रलात कारागिरांनी छताला दगडी बरगड्या दिल्या. या बरगड्या छताचा भार ठरावीक खांबांवर आणून सोडतात. पुढे टोकदार कमानी आणि बाहेरून दिलेले कमानींचे टेकू यांची जोड मिळाली, तेव्हा भिंतीचे ओझे आणखी हलके झाले आणि भिंतीच्या जागी प्रचंड काचा बसवता आल्या. यॉर्कची पूर्वेकडील मोठी खिडकी जॉन थॉर्नटन या कारागिराने १४०५ ते १४०८ या काळात रंगीत काचांनी भरली. सृष्टीचा आरंभ आणि जगाचा अंत ही दोन्ही तिच्यात चितारलेली आहेत.

परंतु कारागिरांचे गणित नेहमीच बरोबर आले असे नाही. ईलीचा मधला मनोरा १३२२ मध्ये कोसळला. त्या रुंद खिंडारावर तसाच दगडी मनोरा पुन्हा न उभारता तेथे अष्टकोन बांधण्यात आला आणि त्यावर ओकच्या अजस्र तुळयांचा प्रकाशमनोरा चढविला. आज तोच ईलीचा सर्वांत देखणा भाग आहे. लिंकनच्या मधल्या मनोऱ्यावरचे उत्तुंग शिखर १५४८ मध्ये पडले, आणि ते पुन्हा कधीच बांधले गेले नाही. सॉल्झबरीचे शिखर मात्र उभे आहे. त्याची उंची ४०४ फूट, ब्रिटनमधील सर्वांत अधिक. मूळ इमारत १२२० मध्ये आरंभिली, शिखर नंतर चढविले. त्या वाढीव भाराने खालचे खांब वाकले आहेत, ते नुसत्या डोळ्यांनी दिसते. पायाही जेमतेम चार फूट खोल आहे. खालच्या रेतीखड्यांच्या थरात पाण्याची पातळी बदलली तर धोका, म्हणून फरशीतल्या एका भोकातून काठी घालून ती पातळी मोजतात.

पाण्याची खरी कथा विंचेस्टरची आहे. १०७९ मध्ये सुरू झालेल्या या कॅथीड्रलचा काही भाग दलदलीच्या जमिनीवर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी भिंती खचू लागल्या, त्यांना भेगा पडल्या. पाया भक्कम करण्यासाठी खड्डे खणावे, तर ते पाण्याने भरत. पाणी उपसावे, तर त्याबरोबर भिंतीखालची मातीही निघून येण्याचे भय. तेव्हा विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याला बोलावले. १९०६ ते १९११ या काळात हा माणूस जड पोशाख चढवून त्या गढूळ पाण्यात उतरत राहिला. खाली इतका अंधार की नुसत्या हातांच्या स्पर्शाने काम करावयाचे. त्याने काँक्रीटची हजारो पोती तळाशी रचून बूड बंद केले, मग वरचे पाणी उपसता आले आणि गवंड्यांनी नवा पाया बांधून घेतला. राजे आणि बिशप यांच्या थडग्यांसाठी प्रसिद्ध असलेली ती वास्तू एका मजुरी करणाऱ्या पाणबुड्याच्या हातांवर तरली आहे.

यॉर्कलाही हेच झाले. मधला मनोरा कोसळण्याच्या बेतात असल्याचे १९६७ मध्ये जाहीर झाले. १९७२ पर्यंत त्याच्या पायाला काँक्रीट आणि पोलादी सळयांनी बांधून घेण्यात आले. पुढे १९८४ मध्ये दक्षिणेकडील बाजूचे छत जळाले, तेही पुन्हा उभारले गेले. तात्पर्य, या इमारती आठशे-नऊशे वर्षे ‘टिकल्या’ असे म्हणणे पुरेसे नाही. प्रत्येक पिढीने त्या टिकविल्या. पाथरवटांच्या कार्यशाळा आजही चालू आहेत. प्रवेशशुल्क आणि देणग्या यांतून या कामाचा मोठा भाग भागतो, हे तिकीट काढताना ध्यानी असावे. सायंप्रार्थनेला येणाऱ्यास मात्र शुल्क नसते. त्या वेळी कोणत्याही धर्माच्या माणसाने शांतपणे मागे बसावे आणि गायकवृंदाचे स्वर त्या कमानींतून कसे फिरतात ते ऐकावे.

आता विद्यानगरांकडे वळू. ऑक्सफर्डमध्ये १०९६ च्या सुमारास अध्यापन चालत असल्याचा दाखला आहे. १२०९ मध्ये गावकऱ्यांशी तंटा होऊन काही विद्वान तेथून निघाले आणि केंब्रिजला जाऊन राहिले. त्यातून दुसरे विद्यापीठ जन्मले. डरॅमचे विद्यापीठ त्या मानाने अर्वाचीन, १८३२ चे. ही विद्यापीठे धर्मसंस्थेच्या छायेत वाढली, आणि त्या छायेची दुसरी बाजूही होती. इंग्लंडच्या अधिकृत पंथाबाहेरच्या माणसाला तेथील पदवी आणि फेलोची जागा दीर्घकाळ दुर्लभ होत्या. १८७१ च्या कायद्याने ही धर्माची अट बहुतेक उठली.

या कायद्याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि पुढे सेंट जॉन्स कॉलेजचे फेलो. जुनी अट कायम असती, तर गणितातली सगळी बुद्धी पणाला लावूनही ही जागा त्यांना मिळाली नसती. दुसरी आठवण ऑक्सफर्डची. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये तेथे कायद्याच्या परीक्षेस बसल्या. परंतु स्त्रियांना पदवी देण्याची पद्धत ऑक्सफर्डने १९२० मध्ये स्वीकारली, आणि सोराबजींच्या हाती पदवी पडली ती १९२२ मध्ये, म्हणजे परीक्षेनंतर तीस वर्षांनी. केंब्रिजला तर स्त्रियांना पूर्ण पदवी मिळण्यास १९४८ उजाडावे लागले.

तेव्हा या प्रवासात दोन प्रकारच्या दुरुस्त्या पाहावयाच्या आहेत. एक पायाखालच्या काँक्रीटची, दुसरी प्रवेशाच्या नियमांची. पहिली फरशीखाली दडलेली आहे, दुसरी कायद्याच्या पुस्तकात. दोन्ही वेळा ‘आहे ते जुने आहे, त्याला हात लावू नका’ असे म्हणणारे होतेच. त्यांचे ऐकले असते, तर विंचेस्टरची भिंत खचली असती आणि ऑक्सफर्डचे दार अरुंदच राहिले असते.

प्रवासाचा शेवट डरॅमला करावा. वीअर नदीच्या वळणात, उंच कड्यावर एका बाजूला कॅथीड्रल आणि दुसऱ्या बाजूला किल्ला आहे. त्या किल्ल्यात आज विद्यापीठाचे विद्यार्थी राहतात. मोटार जवळच्या न्यूकॅसलला परत करून रेल्वेने लंडन गाठता येते. परंतु निघण्यापूर्वी नदीकाठच्या पायवाटेने एक फेरी मारावी, आणि वर पाहताना तेथे कोठे परांची बांधलेली दिसली, तर छायाचित्र बिघडले म्हणून हळहळू नये. ती परांची दिसते आहे तोवरच ती वास्तू उभी राहणार आहे.