विहारात आकडा, संसदेत कॅसिनो

बँकॉकच्या वाट महाबुत या विहाराच्या आवारात मे नाकचं ठाणं आहे. बाळंतपणात दगावलेल्या बाईचं हे भूत. पण नवसाला गर्दी देवीसारखी. सोडत जवळ आली की भाविक तिथल्या जुन्या झाडाच्या बुंध्याला पावडर चोळतात. सालीवरच्या रेघांतून आकडा उमटतो म्हणे. सरकारी लॉटरी सहसा दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला निघते. तिकीट ८० बाटचं, पहिलं बक्षीस ६० लाखांचं. शिवाय बेकायदा आकड्यांचा धंदा आहेच. आपल्याकडचा मटकाच तो.

याच थायलंडमध्ये १९३५च्या जुगार कायद्यामुळे कॅसिनो उघडता येत नाही. पेतोंगतार्न शिनावात्रा सरकारने २०२५मध्ये ‘एंटरटेनमेंट कॉम्प्लेक्स’चं विधेयक पुढे रेटलं. हॉटेलं, सभागृहं, दुकानं आणि जास्तीत जास्त १० टक्के जागेत कॅसिनो. पर्यटक वाढतील, सीमेपलीकडे कंबोडियातल्या पोयपेटला जाणारा थाई पैसाही घरातच राहील, हा त्यामागचा हिशेब.

विरोधकांच्या हाताशी सिगालोवाद सुत्त होतं. त्यात बुद्धांनी एका गृहस्थाच्या मुलाला जुगाराचे सहा तोटे सांगितलेत. जिंकणारा वैर ओढवून घेतो, सभेत जुगाऱ्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, त्याला मुलगी द्यायला कुणी धजत नाही. सगळे तोटे याच जन्मातले, रोकडे! पण मग ते लॉटरीलाही लागू होतात, आणि ती तर सरकारच विकतं. त्यामुळे धर्माच्या नावाने केवळ कॅसिनोला नाक मुरडणं मला लंगडं वाटतं.

खरी गोम मसुद्यात होती. एका टप्प्यावर अट अशी होती, की आत जाणाऱ्या थाई नागरिकाची ५ कोटी बाटची मुदत ठेव हवी, वर ५ हजारांचं प्रवेशशुल्क. कंबोडियाच्या कायद्यानेही स्वतःच्या नागरिकांना जुगार मना आहे. गोव्यात २०२०पासून स्थानिकांना कॅसिनोबंदी आहे, मांडवीतल्या बोटी मात्र जोरात! आपल्या माणसाने खेळू नये, हे तिन्ही सरकारांना पक्कं ठाऊक आहे. महसूल तेवढा हवा.

जुलै २०२५मध्ये विधेयक मागे घेतलं गेलं. त्याविरुद्ध बँकॉकमध्ये निदर्शनं झाली होती, हे खरं. पण त्याआधी जूनमध्ये तेव्हाच्या पंतप्रधान पेतोंगतार्न आणि कंबोडियाचे नेते हुन सेन यांच्यातल्या संभाषणाची ध्वनिफीत फुटली, त्यावरून भूमजाईथाई पक्ष आघाडीतून बाहेर पडला आणि सरकारचं बहुमत काठावर आलं. ते भक्कम असतं, तर सुत्ताने हे विधेयक रोखलं असतं असं मला वाटत नाही.