अनावश्यक पॅकेजे काढताना

संगणकावर एकदा बसविलेली आज्ञावली गरज संपल्यानंतरही जागा अडवून राहते. तिची फाईल शोधून पुसून टाकणे हा दिसावयास सोपा, परंतु चुकीचा मार्ग होय. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन प्रणालीत, तसेच तिच्यावर आधारलेल्या उबुंटू आणि सी-डॅकच्या 'बॉस' या प्रणालींत, आज्ञावली सामान्यतः 'पॅकेज'च्या रूपाने येते व तिच्या फायलींची नोंद 'डीपीकेजी' ही व्यवस्था ठेवते. हाताने फाईल पुसल्यास भांडारातून खुर्ची गेली, पण साठा नोंदवहीत ती जमाच राहिली, अशी स्थिती होते.

म्हणून पॅकेज काढण्याचे काम टर्मिनलवरून 'आप्ट' या साधनाकडेच सोपवावे. त्याच्या 'रिमूव्ह' या आज्ञेने आज्ञावली जाते, मात्र प्रणालीतील तिच्या मांडणीच्या फायली मागे राहतात. 'पर्ज' या आज्ञेने त्याही जातात. वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरातील फायलींना या दोन्ही आज्ञा सहसा हात लावीत नाहीत. परंतु डेटाबेसची पॅकेजे 'पर्ज' करताना साठविलेली माहितीही पुसावी काय, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. तेथे घाईने होकार देऊ नये.

खरा धोका परस्परावलंबनाचा आहे. एक पॅकेज काढले की त्याच्यावर विसंबून असलेली सर्व पॅकेजे त्याच्यासोबत जातात. उबुंटूमध्ये 'पायथन थ्री' निरुपयोगी समजून काढावयास जावे, तर दर्शनी पडद्याची बहुतेक व्यवस्थाच त्या यादीत आलेली दिसते. दूरच्या गावी असलेल्या सर्व्हरवर 'ओपन एसएसएच' काढले गेल्यास तेथे पुन्हा पोहोचण्याचा मार्गच खुंटतो. २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या कॅनडातील चित्रफीतकाराने 'पॉप ओएस' प्रणालीवर 'स्टीम' बसविण्याची, काढण्याची नव्हे, आज्ञा दिली. पॅकेजांतील दोषामुळे आवश्यक पॅकेजे काढली जाणार असल्याची सूचना पडद्यावर आली होती; ती ओलांडून त्याने संमतीचे वाक्य टंकले आणि संपूर्ण दर्शनी पडदा गमावला. त्यानंतर आप्टमध्ये अधिक कडक अटकाव घालण्यात आला.

यास्तव प्रथम 'सिम्युलेट' हा पर्याय जोडून आज्ञा द्यावी. त्यामुळे काहीही न काढता केवळ यादी दाखविली जाते, आणि त्यासाठी प्रशासकाचे अधिकारही लागत नाहीत. यादी नावानिशी वाचावी. 'होय' हे उत्तर आधीच देऊन ठेवणारा पर्याय येथे वापरू नये. इतरांसाठी आपोआप आलेली व आता निराधार झालेली पॅकेजे 'ऑटोरिमूव्ह'ने काढता येतात. त्यांपैकी एखादे हवे असल्यास 'आप्ट-मार्क मॅन्युअल' या आज्ञेने ते आधी राखून ठेवावे.

इतके करूनही चूक झालीच, तर 'वार' फोल्डरातील 'लॉग' विभागात आप्टची 'हिस्टरी' ही फाईल पाहावी. कोणती पॅकेजे केव्हा व कोणत्या आज्ञेने गेली, हे तीत तारीखवार नोंदलेले असते. त्या नावांनी ती पुन्हा बसविता येतात, आणि 'पर्ज' केले नसेल तर जुनी मांडणीही परत मिळते.